ओढण्यासाठी जन्मलेला

चार वर्षांपूर्वी भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि त्याचा सायबेरियन हस्की पुण्यात आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आला. पहिल्या आठवड्यातच त्याने सोफ्यातला कापूस उपसला, दाराची चौकट कुरतडली आणि फिरायला नेताना मला दोनदा रस्त्यावर पाडले. शेजारी म्हणाले, ‘‘लाडावलाय.’’ मला ते पटेना. मी पशुवैद्य नाही. पण प्रश्न पडला की वाचत सुटायचे, ही जुनी खोड.

उत्तर सापडले सायबेरियाच्या ईशान्य टोकाला, चुकोटकात. तिथल्या चुकची लोकांनी हा कुत्रा घडवला. त्यांना हवा होता हलके ओझे मध्यम वेगाने, थोड्या अन्नावर, दूरवर ओढणारा गडी. म्हणून पूर्ण वाढलेला नरही जेमतेम २० ते २७ किलोचा. १९०९ साली अलास्कातल्या नोमच्या शर्यतीत हे कुत्रे उतरले, तेव्हा त्यांच्या चणीला लोक हसले. पुढे १९२५ च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्प पसरला. सुमारे १,०८५ किलोमीटरवरून औषध आणायला २० चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्रे लागले. साडेपाच दिवसांत ते पोहोचले. त्यांतला सर्वांत लांब टप्पा लिओनहार्ड सेप्पाला याच्या संघाने पार केला. म्होरक्या होता बारा वर्षांचा टोगो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुतळा मात्र शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टोचा उभा राहिला.

हे वाचल्यावर घरातला कुत्रा उलगडू लागला. पट्टा ताणला गेला की त्याच्या लेखी काम सुरू होते. पातळ बर्फावर चालकाची आज्ञा मोडणारा म्होरक्याच सगळ्यांना वाचवतो. तेव्हा हाकेला ओ न देणे हाही त्याच्या घडणीचाच भाग. अनोळखी माणसापुढे तो शेपूट हलवतो, त्यामुळे राखणीला निरुपयोगी. भुंकणे कमी, विव्हळणे फार. रिकामा राहिला की दाराची चौकट आहेच.

एक चूक माझी. पहिल्या एप्रिलमध्ये ‘दमवू या’ म्हणून सकाळी साडेनऊला त्याला पळवले. तो रस्त्यातच कोसळला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून. त्यात हस्कीची लव दुहेरी. ओला टॉवेल, पंखा आणि डॉक्टरांची धावपळ यांनी तो वाचला. उन्हाळ्यासाठी केस भादरावेत, असेही मला वाटले होते, डॉक्टरांनी अडवले. वरची लव उन्हापासूनही राखते आणि भादरल्यावर नीट परत येईलच असे नाही.

आता आम्ही पहाटे पाचला टेकडीवर जातो. त्याच्या कमरपट्ट्याला मी जुनी टायर बांधतो. ती ओढत तो चढतो आणि घरी येऊन गारेगार फरशीवर निवांत झोपतो.

निळे डोळे पाहून पिल्लू घ्यायला निघालेल्यांना मी एकच विचारतो: रोज पहाटे पाचला, पुढची बारा वर्षे, तुम्ही उठणार का?