विमानाचे तिकीट काढताना उतरल्यावरची रांगही मोजा

पवनी तालुक्यातील आसगाव हे धानाच्या पट्ट्यातले गाव. इथून अमेरिकेतल्या मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांचा प्रवास विमानात सुरू होत नाही. तो पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूरला जाणाऱ्या गाडीतच सुरू होतो. पुढे नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथे काही तास ताटकळणे आणि मग मोठे विमान. तिकीट काढणारा मुलगा मात्र बहुधा दोनच गोष्टी पाहतो : भाडे आणि एकूण तास. दोन तिकिटे सारखीच दिसली की स्वस्तातले पक्के होते. उतरल्यावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत किती वेळ उभे राहावे लागेल, हे तिकिटावर छापलेले नसते. साठी-सत्तरीतल्या शरीराला नेमके तेच जड जाते.

पोटऱ्या थांबल्या की रक्त साचते

पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात, सैल होतात आणि रक्त वर जाते. दिल्लीहून न्यूयॉर्कला थेट जायला साधारण १५ ते १६ तास लागतात. एवढा वेळ पाय लोंबकळत राहिले की पावलांवर सूज येते. काहींच्या पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केल्यास हा धोका जवळपास दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात त्याचे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतके कमी असते. लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा पूर्वी गुठळी झालेली असल्यास मात्र ते वाढते.

विमानातली हवा कोरडी असते. त्यात लघवीला उठावे लागू नये म्हणून अनेक ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत. अशा शरीराला उतरल्या उतरल्या तासभर एका जागी उभे केले, तर रक्त पुन्हा पायात उतरते, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. मधुमेही माणसाचे जेवण आणि इन्सुलिन यांचा मेळ चुकला, तर रांगेतच साखर उतरू शकते.

दोन तिकिटांत निवड कशी करावी?

थेट विमानात बदलाबदलीची धावपळ नसते, पण सलग बसणे आणि त्यानंतरची रांग एकामागून एक येतात. मध्ये थांबणाऱ्या विमानात तास वाढतात, तरी पाय मोकळे करता येतात. अबू धाबीचा मार्ग इथे वेगळा ठरतो. २०१४ पासून तिथल्या विमानतळावर अमेरिकेचे अधिकारीच पासपोर्ट तपासणी करतात. त्यामुळे तिथून थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानाचे प्रवासी तिकडे देशांतर्गत प्रवाशांसारखे बाहेर पडतात. म्हणजे रांग टळत नाही, ती लांबच्या टप्प्याच्या आधी येते. त्यासाठी मधला वेळ पुरेसा हवा. दीड तासाची जोडणी कागदावर छान दिसते, पण ज्येष्ठांसाठी तीन-चार तास बरे.

थेट विमान न्यूयॉर्कला उतरून पुढे दुसऱ्या शहरात जायचे असेल, तर सर्वसाधारणपणे पहिल्याच विमानतळावर तपासणी होते आणि सामान घेऊन पुन्हा द्यावे लागते. परत येताना दिल्ली-मुंबईतही तसेच. म्हणून नागपूरपर्यंतचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. वेगवेगळी तिकिटे काढली आणि रांगेमुळे पुढचे विमान चुकले, तर भुर्दंड प्रवाशालाच बसतो.

परतीची रांग टाळण्यासाठी भारत सरकारची जलद तपासणीची सोय आहे. जून २०२४ मध्ये ती दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. भारतीय नागरिकांनी आधी ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे आणि छायाचित्र दिले की स्वयंचलित दारातून जाता येते. त्यासाठी शुल्क नाही.

रांगेत उभे राहताना

चालायला त्रास होत असेल, तर तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी चाकाची खुर्ची मागून ठेवावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जागा मार्गिकेलगतची घ्यावी, दर तासा-दोन तासांनी उठावे, बसल्या जागी टाचा-चवडे हलवावेत. पायाच्या मापाचे, गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे उपयोगी पडतात, पण आधी डॉक्टरांना विचारावे. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

विमान उतरण्याआधी पाणी प्यावे, थोडे खावे, लघवीला जाऊन यावे. रांगेत पिशवी खाली ठेवून टाचा उचलत राहावे. डोळ्यांपुढे अंधारी आली तर सरळ खाली बसावे आणि कर्मचाऱ्याला हाक मारावी.

आणखी एक गोष्ट शेतकरी घरांना माहीत हवी. वर्षानुवर्षे मातीत काम केलेल्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात, आणि कोरड्या हवेने त्या यंत्राला आणखीच दिसेनाशा होतात. उतरण्याआधी बोटांना थोडे मलम चोळून पुसून घेतले, तर ठसा उमटायला मदत होते. मुलाचा पत्ता, फोन नंबर, परतीची तारीख आणि औषधांची नावे इंग्रजीत लिहिलेला कागद खिशात असावा. औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावेत. घड्याळ साडेनऊ तास किंवा त्याहून जास्त मागे जाते, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

पोहोचल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि विमानप्रवास केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.