काउंटर दुपारीच का विझायचा?

प्रोजेक्टला पाच व्होल्ट लागले की आपण होस्टेलवाले काय करतो? डोळे झाकून ७८०५ ठोकतो! मीही तेच करायचो. डिसेंबरच्या सुटीत ट्रेनिंगसाठी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात गेलो आणि डोळे उघडले.

तिथे पॅकिंग मशीनवर एक काउंटर होता. सकाळी ठणठणीत. दुपारी दोनच्या सुमारास डिस्प्ले विझायचा आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागायचा. मशीनवरच्या काकांना पैसे नगावर. मोजणी गेली की मजुरी गेली. वर "तुम्हीच बटण दाबलं असणार" हेही ऐकून घ्यायचं.

पॅनल उघडलं. २४ व्होल्टचा सप्लाय आणि त्यावर हीटसिंक नसलेला ७८०५. बोट लावलं तर चटकाच बसला. मग कागदावर हिशेब मांडला. २४ मधून ५ गेले, उरले १९ व्होल्ट. करंट ०.१ अँपिअर. म्हणजे १.९ वॅट नुसती उष्णता. हीटसिंक नसेल तर दर वॅटमागे आतली चिप साधारण ६५ अंशांनी तापते, म्हणजे जवळजवळ १२३ अंश. सकाळी पॅनलमध्ये २५ अंश, बेरीज १४८. दुपारी पत्र्याखाली ४५, बेरीज १६८! दीडशेच्या आसपास ७८०५ स्वतःला वाचवण्यासाठी आउटपुट बंद करतो, गार झाला की पुन्हा सुरू. काकांचा दोष शून्य.

तेव्हापासून रेग्युलेटर घेण्याआधी मी तीन गोष्टी बघतो.

१) इनपुट-आउटपुटमधला फरक गुणिले करंट किती? अर्ध्या वॅटच्या आत असेल तर ७८०५ बिनधास्त लावा. जास्त असेल तर हीटसिंक, नाहीतर एलएम २५९६ सारखा स्विचिंग रेग्युलेटर.

२) इनपुट पुरेसं आहे का? ७८०५ ला सुमारे सात व्होल्ट तरी हवेत. फरक कमी असेल तर लो ड्रॉपआउट जातीचा घ्या.

३) बॅटरीवर चालवायचंय? ७८०५ स्वतःच पाचेक मिलिअँपिअर खातो. ५०० मिलिअँपिअर-अवरची नऊ व्होल्टची बॅटरी काही न करता चार दिवसांत संपेल. एमसीपी १७०० दोन मायक्रोअँपिअरपेक्षा कमी खातो. मात्र त्याला सहा व्होल्टच्या वर द्यायचे नाहीत.

स्विचिंगच्या आउटपुटवर थोडा रिपल असतो. नाजूक सेन्सर असेल तर त्याच्यापुढे एक लिनिअर लावा.

काउंटरला आम्ही एलएम २५९६ चं मॉड्यूल बसवलं. मी होतो तोवर तो पुन्हा विझला नाही. निघताना काकांनी कटिंग पाजला. तेव्हा पुढच्या वेळी ७८०५ ठोकण्याआधी एक गुणाकार करा. कुणाची तरी मजुरी त्यावर असू शकते.