जकात, सदका आणि एक छोटी नळी

रमजान उत्तरार्धाकडे झुकला की जळगाव-धुळ्यातील मुस्लिम घरांत हिशेबाच्या वह्या निघतात. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून अडीच टक्के, म्हणजे लाखामागे अडीच हजार रुपये, गरजूंना द्यायचे असतात. हीच जकात, जुन्या नाक्यावरच्या जकातीशी तिचे नाते नावापुरतेच.

या दिवसांत मदत मागायला येणाऱ्यांच्या हाती अनेकदा दवाखान्याची फाइल असते. ‘बाळाच्या डोक्यात पाणी झालंय’ हे त्यातलेच एक दुखणे. मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते आणि रक्तात शोषले जाते. ही वाट अडली की पाणी साचते, टाळू फुगते, डोके झपाट्याने वाढते. जगात दरवर्षी सुमारे चार लाख बालकांना हा आजार होतो, असा २०१८ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

उपाय जुना आहे. कातडीखालून बारीक नळी घालून मेंदूतले पाणी पोटात सोडतात. परदेशी नळी महाग; पण उत्तर प्रदेशातील शाहजहानपूरला तयार होणारी ‘छाब्रा’ नळी स्वस्त आहे. युगांडात ३५ डॉलरची ही नळी आणि ६५० डॉलरची परदेशी नळी यांची तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, वर्षभरानंतर दोन्हींच्या परिणामांत विशेष फरक नव्हता. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही आधार आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी.

मग पैसा जातो कुठे? नाशिक-मुंबईच्या फेऱ्यांत, तपासण्यांत, आईबापाच्या बुडालेल्या मजुरीत. शिवाय नळी तुंबते किंवा तिला जंतुसंसर्ग होतो. अनेक मुलांवर वर्षभरातच दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. उलट्या, सुस्ती, ताप दिसताच थांबायचे नसते; पण गाडीभाड्याची सोय होईपर्यंत दोन दिवस जातात आणि तेवढ्यात मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

जकात बहुतेक जण रमजानात काढतात. नळी मात्र कोणत्याही महिन्यात तुंबते. सदका वर्षभर देता येतो, कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. पहिल्या शस्त्रक्रियेला हात देणाऱ्यांनी दुसऱ्या फेरीचे भाडेही बाजूला ठेवले, तर ते बाळ वेळेत दवाखान्यात पोहोचेल.