मोटारीच्या बॅटरीची निवड व स्थलांतर : बारामती-इंदापूर परिसराच्या दृष्टीने एक विचार

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस वाढला. उसामागोमाग माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर व वालचंदनगर येथे साखर कारखाने उभे राहिले, आणि मोटारी, जीपगाड्या व ट्रॅक्टर यांची वर्दळ सुरू झाली. या वाहनांची बॅटरी वरचेवर निकामी होऊ लागली, म्हणजे तिच्या जागी अधिक क्षमतेची बॅटरी बसवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला कोठवर ग्राह्य आहे आणि बॅटरीची जागा बदलल्याने काय साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मोटारीची बॅटरी म्हणजे शिसे व गंधकाम्ल यांवर चालणाऱ्या सहा घटांची माळ होय. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. म्हणून पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. तिचे मुख्य कार्य स्टार्टर फिरविणे हे आहे. स्टार्टरने २०० अँपिअर प्रवाह तीन सेकंद घेतला असे मानले, तर खर्ची पडणारा विद्युत्भार अवघा ०.१७ अँपिअर-तास भरतो. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा व्यय नगण्य आहे. तेव्हा केवळ इंजिन सुरू होण्यासाठी अधिक क्षमता हवी, हे म्हणणे गणिताच्या कसोटीस उतरत नाही.

मग बॅटरी अकाली का संपते? याचे उत्तर पुष्कळ अंशी उष्णतेत आहे. बॅटरीवर छापलेला शीत-आरंभ प्रवाहाचा आकडा उणे १८ अंश सेल्सिअस तापमानास मोजलेला असतो. थंड देशांत त्या आकड्यास महत्त्व आहे. इंदापुरात तशी थंडी कधीच पडत नाही. याउलट एप्रिल-मे महिन्यांत येथील हवा ४० अंशांच्या आसपास पोहोचते आणि बॉनेटखालील हवा त्याहून कितीतरी अधिक तापते. तापमान १० अंशांनी वाढले की घटातील पट्ट्या झिजविणाऱ्या रासायनिक क्रियेचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो. म्हणजेच एका मर्यादेत जी बॅटरी चार वर्षे टिकावी, ती अधिक उष्ण जागी दोन वर्षांतच थकते. क्षमता वाढविल्याने हे कारण दूर होत नाही.

अधिक क्षमतेचा खरा उपयोग इंजिन बंद असताना होतो. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या आवारात रांगेत थांबलेल्या ट्रॅक्टरवर दिवे व ध्वनिवर्धक तासन् तास चालू राहतात. १० अँपिअरचा भार चार तास चालला तर ४० अँपिअर-तास खर्च होतात, आणि येथे लहान बॅटरी खचितच अपुरी पडते. परंतु खर्च झालेला भार अल्टर्नेटरने भरून काढला पाहिजे. इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब मिळत नसेल, अथवा वाहन थोड्याच अंतराच्या फेऱ्या मारीत असेल, तर मोठी बॅटरीही अर्धभारित राहते; पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची शक्ती कायमची घटते. शिवाय खरेदीपूर्वी बॅटरीची उंची व टोकांची दिशा पाहून घ्यावी. उंच बॅटरीचे टोक बॉनेटच्या पत्र्यास टेकले तर आग लागण्याचे भय आहे.

आता स्थलांतराविषयी. ही कल्पना नवी नव्हे. १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी या छोट्या मोटारीत बॅटरी मागील डिकीतच होती, आणि मालमोटारींची बॅटरी सामान्यतः चासीच्या बाजूस पेटीत ठेवलेली असते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीची डिकीही तापते, हे खरे. परंतु इंजिनाची धग तेथे पोहोचत नाही. हा लाभ मोठा आहे, तथापि त्याचे मूल्य तारेच्या रूपाने मोजावे लागते.

तांब्याच्या २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या चार मीटर तारेचा रोध सुमारे ०.००२८ ओहम भरतो. २०० अँपिअर प्रवाहास तिच्यात ०.५५ व्होल्ट दाब वाया जातो. छेद ५० चौरस मिलिमीटर केला तर ही हानी निम्म्यावर येते. म्हणून जुनीच तार जोडून लांबविणे इष्ट नव्हे. परतीचा प्रवाह चासीतून जात असल्याने ऋण टोकाची जोडणी रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर करावी, आणि इंजिन व चासी यांस जोडणारी पट्टीही तितकीच जाड असावी.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. लांब तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर बॅटरीतून हजारो अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि काही क्षणांत वाहन पेट घेते. यास्तव बॅटरीच्या धन टोकालगतच, शक्यतो एका वितीच्या आत, फ्यूज बसविणे अनिवार्य समजावे. स्टार्टरचा क्षणिक प्रवाह त्याने सोसावा, परंतु तार तापून लाल होण्यापूर्वी वितळावे. दुसरे असे की, भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास ते मिश्रण स्फोटक ठरते. बंद डिकीत पाणी घालावयाची उघडी बॅटरी ठेवू नये. झडपेची, काचतंतूंच्या गादीची बॅटरी घ्यावी आणि तिचीही वायुनलिका वाहनाबाहेर काढावी. बॅटरी पेटीत घट्ट आवळलेली असावी. जोडणी सोडविताना ऋण टोक प्रथम व जोडताना शेवटी, हा क्रम पाळावा.

जुन्या पद्धतीच्या बॅटरीत विहिरीचे अथवा कालव्याचे पाणी कदापि घालू नये. कालव्याच्या पट्ट्यातील पाण्यातले क्षार घटात साचून राहतात. ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. निकामी बॅटरी फोडून अम्ल शेतात ओतणे हे जमीन व विहीर या दोहोंस घातक होय. २०२२ च्या नियमांनुसार अशी बॅटरी परत घेऊन तिच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याचे उत्तरदायित्व उत्पादकांवर आहे; म्हणून ती विक्रेत्याकडेच द्यावी.

या सर्व विवेचनातून एक क्रम सिद्ध होतो. प्रथम अल्टर्नेटरचा दाब मोजावा; नंतर इंजिन व बॅटरी यांच्यामध्ये उष्णतारोधक पडदा लावून पाहावा; तेवढ्याने न भागल्यास वर सांगितलेल्या दक्षतेसह जागा बदलावी; आणि इंजिन बंद असतानाचा भार खरोखरीच मोठा असेल तरच क्षमता वाढवावी. येथील हवामानात बॅटरीचे आयुष्य तिच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर अधिक अवलंबून आहे, हे वाहनधारकांनी ध्यानी घ्यावे.