तहान नव्हे, मूळकूज

जुलै-ऑगस्टात बोईसरमधल्या बऱ्याच फ्लॅटांत हे चित्र दिसतं. हॉलच्या कोपऱ्यातल्या पीस लिलीने माना टाकलेल्या, खालची पानं पिवळी. घरातलं कुणीतरी कळवळून तांब्याभर पाणी घालतं. दुसऱ्या दिवशी झाड आणखी मलूल, म्हणून पुन्हा पाणी. खरं तर कुंडीत बोट खुपसून पाहिलं असतं तर माती चिंब ओली लागली असती.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते; तिथे पाणी साचून राहिलं की ऑक्सिजन संपतो आणि मुळं मरू लागतात. मेलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं झाड वाळल्यासारखं दिसतं. मग पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे सूक्ष्मजीव हात धुवून घेतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे ओली माती त्यांना सोयीचीच. मे महिन्यात एका दिवसात सुकणारी कुंडी किनाऱ्यावरच्या दमट, उन्हाविना गेलेल्या आठवड्यात सुकतच नाही. पण आपलं पाणी घालण्याचं वेळापत्रक मात्र मे महिन्याचंच राहतं.

जवळच्या केळवे-माहीमच्या पानवेल बागायतदारांना हे नव्याने सांगायला नको. पानवेलीला सावली हवी, ओल हवी. पण बुडाशी पाणी तुंबलं की मर लागते. म्हणून या पिकात आधी पाण्याचा निचरा पाहतात, औषध त्यानंतर. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५च्या सुमारास फ्रान्समधल्या द्राक्षबागांतून पुढे आलं आणि आपल्याकडे पानवेलीच्या मरीवरही वापरलं जातं. पण पाणी तुंबलेलंच राहिलं तर बोर्डोचाही उपयोग नाही. घरातल्या कुंडीलाही हाच क्रम लागू.

तेव्हा झाड कुंडीतून अलगद काढा आणि मुळं नळाखाली धुवा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरते. वासही सगळं सांगतो. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने अशी मुळं निरोगी भागापर्यंत कापा. जितकी मुळं गेली त्या मानाने काही पानंही काढा, कारण उरलेल्या मुळांना तेवढा पसारा पोसवणार नाही. काही तास सावलीत वारा लागू द्या.

जुनी कुंडी धुऊन घ्या, किंवा उरलेल्या मुळांच्या मापाची लहान कुंडी निवडा. मोठ्या कुंडीत जास्तीची माती जास्त दिवस ओली राहते. नर्सरीतून येणारी लाल माती एकटी वापरली तर दगडासारखी बसते. तिच्यात कोकोपीट, भाताचं जळकं तूस आणि विटांचा बारीक चुरा मिसळा. भातगिरण्या आणि वीटभट्ट्यांच्या या जिल्ह्यात त्यासाठी ऑनलाइन पिशव्या मागवण्याचं कारण नाही. तळाला खडीचा थर देण्याची सवय मात्र सोडा. बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भिजल्याशिवाय खडीत उतरत नाही. ओलीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ वर सरकतो. भोक मोकळं हवं, एवढंच. शोभेची बिनभोकाची बाहेरची कुंडी ही तर या रोगाची खरी गुन्हेगार.

लावल्यावर एकदाच हलकं पाणी द्या, नंतर वरची दोन बोटं माती सुकेपर्यंत थांबा. नवी वाढ दिसेपर्यंत खत नको. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिळाली तर शेणखतात मिसळून द्या, पण त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक ओतू नका. तीही बुरशीच, मरून जाईल.

सगळीच मुळं गेली असतील तर झाडाचा हट्ट सोडून फांद्या वाचवा. मनी प्लांटचा एक पेराचा तुकडा पाण्यात ठेवला तरी मुळं फुटतात. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटच्या पानाचा तुकडा लावला तर रोप येतं खरं, पण हिरवंगार. पिवळी कड हवी असेल तर निरोगी गड्ड्याचाच भाग लावा. आणि कुजक्या कुंडीतली माती कृपा करून शेजारच्या कुंडीत रिकामी करू नका.