कोरडा खोकला आणि कोनाड्यातली बाटली

घरात कोणी खोकू लागले की कोनाड्यातली जुनी बाटली बाहेर निघते. थोरल्याला गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी दिलेले औषध यंदा धाकट्याला पाजले जाते. "खोकल्याचंच तर आहे," म्हणून आजी एक चमचा देते. तासाभराने पुन्हा ढास लागली की आई आणखी एक. पण मंडळी, खोकल्याचे औषध म्हणजे काही एकच औषध नव्हे, आणि चुकीच्या माणसाला ते दिले तर जिवावर बेतू शकते.

मुळात खोकला हा आपला राखणदार आहे. श्वासनळीत धूळ, धूर किंवा कफ आला, की तेथले मज्जातंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला वर्दी देतात. ते केंद्र छातीच्या स्नायूंना हुकूम सोडते, हवा जोराने बाहेर पडते आणि नको ते फेकले जाते. खोकला दाबणारे औषध हे केंद्रच मंद करते. ते घसा बरा करीत नाही, जंतू मारीत नाही. वर्दी आली तरी हुकूम सुटू नये, एवढेच त्याचे काम.

आता तुम्हीच विचार करा. छातीत कफ भरला आहे, बेडका पडतो आहे, आणि आपण खोकलाच दाबला, तर तो कफ जाणार कुठे? तो आतच साचणार. म्हणून ओल्या खोकल्याला हे औषध नाही. पडसे ओसरले, पण घसा खवखवतो, कफ काही पडत नाही आणि रात्रभर ढास लागून डोळ्याला डोळा लागत नाही, अशा मोठ्या माणसाला दोन-चार रात्री त्याचा थोडाफार उपयोग होतो. थोडाफारच, बरं का. पडशानंतरचा असा खोकला बहुधा आपला आपणच जातो. तोवर कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तोंडात धरायला खडीसाखर किंवा ज्येष्ठमध हे बिनधोक उपाय आहेत. मध चाटवावा, तोही चांगला. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून त्याला क्वचित विषबाधा होते. आणि चुलीचा धूर नि बिडी चालूच ठेवून औषध घेणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

बाटलीवरचे मोठे नाव विकण्यासाठी असते. औषधाचे खरे नाव बारीक अक्षरांत आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असते. इथे गावातल्या शिक्षकांचा मोठा उपयोग आहे. त्यांनी ते वाचून सांगावे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन असे लिहिले असेल, तर ते खोकला दाबणारे. ॲम्ब्रॉक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन असेल, तर ते कफ सुटा करणारे. कोडीन अफूच्या कुळातले. त्याची सवय लागते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, बारा वर्षांखालील मुलांना तर नाहीच. पुष्कळ बाटल्यांत क्लोरफेनिरामिनही असते. त्याने झोप येते, म्हणून ते घेऊन ट्रॅक्टरवर बसू नये. दारूबरोबर तर हे कोणतेच औषध घेऊ नये. काहींत पॅरासिटामॉल असते. तापाची गोळी वेगळी चालू असेल तर एकच औषध दुप्पट पोटात जाते. दमेकऱ्यांनी, आणि मनाच्या आजारावर गोळ्या चालू असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोकला दाबणारे औषध घेऊ नये.

माप बाटलीच्या टोपणाने घ्यावे. घरातले चमचे सारखे नसतात. एकात ५ मिलिलिटर मावते, तर दुसऱ्यात त्याच्या दुप्पट. दोन मात्रांमध्ये लेबलवर लिहिलेले अंतर राखावे. मधे उबळ आली म्हणून आणखी एक घोट, असे नाही.

लहान मुलांची गोष्ट मात्र निराळी आहे. २०२१ साली दिल्लीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिलेली बरीच मुले आजारी पडून इस्पितळात दाखल झाली आणि त्यांतली तीन दगावली. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालले होते. तिथे कारण वेगळे होते. त्या सर्दीच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला गोडच लागते, त्यामुळे आईला कळण्याचा काही मार्गच नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने कळविले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देण्याजोगी नाहीत. तेव्हा लहानग्याला दुकानातून आपल्या मनाने बाटली आणू नये. शाळेतही गुरुजींनी वा बाईंनी मुलाला कपाटातले औषध पाजू नये.

औषधापेक्षा त्याच्या श्वासाकडे पाहावे. मूल शांत असताना घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. रात्र असो, पाऊस असो, दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला धाप लागली, तर मोजत बसू नका.

मोठ्यांचा खोकला दोन आठवडे टिकला तर बाटली बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्यावा. क्षयाची ही तपासणी तिथे फुकट होते. रक्त पडले, वजन घटले, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर दोन आठवडेही थांबू नये. आणि रक्तदाबाची गोळी नव्याने सुरू झाल्यावर कोरडी ढास लागली असेल, तर तीच गोळी खोकल्याचे कारण असू शकते. एनालाप्रिल, रामिप्रिल यांनी तसे होते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तिचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, ते ती बदलून देतील.