मनाचा रोग आणि घराची अब्रू

विरारच्या पूर्वेस वसलेल्या चांदीपसारख्या गावात घरच्या कर्त्या मुलास हिवताप झाला, तर त्यास डॉक्टरकडे नेण्यास कोणी मुहूर्त पाहत नाही. परंतु तोच मुलगा रात्ररात्र जागू लागला, एकटाच बोलू लागला, की घराचे दार लोटले जाते. प्रथम बाहेरची बाधा, मग भगत, मग ‘लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल’ असा वडीलधाऱ्यांचा सल्ला! डॉक्टरचे नाव निघते ते सर्वांत शेवटी. आणि हे केवळ खेड्यातच चालते असे म्हणून शहरच्या वाचकांनी समाधान मानू नये. वसई-विरारच्या बाजारपेठेतील सुशिक्षित घरांतही मुलीचे लग्न जमेपर्यंत तिच्या भावाचा आजार झाकून ठेवण्याची रीत आहे. भेद इतकाच की, तेथे भगताऐवजी ज्योतिषी येतो.

ह्या लपवालपवीचे फळ काय? बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तीत महाराष्ट्र नव्हता. तरीही तिचे निष्कर्ष आम्हांस परके नाहीत. शंभर प्रौढांत सुमारे दहा-अकरा जण कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असून त्यांतील बहुतेकांस उपचार मिळत नाहीत, असे तीत आढळले. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळदंडांनी जखडलेले होते. त्यांस तेथे शत्रूंनी नेले नव्हते. बरे होतील ह्या आशेने आप्तांनीच नेले होते.

कायदा मात्र आमच्या समाजाच्या पुष्कळ पुढे गेला आहे. १९१२ च्या कायद्याचा मुख्य रोख वेड्यास कोंडून ठेवण्यावर होता. २९ मे २०१८ पासून अमलात आलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णास हक्क देतो. सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा त्यास अधिकार आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास ते मोफत मिळाले पाहिजेत. त्यास साखळीने बांधता येत नाही. विमा कंपनीने शरीराच्या आजारास जी सवलत द्यावयाची तीच मनाच्या आजारासही द्यावयाची. भूत उतरविण्याच्या मिषाने रुग्णास बांधणे वा मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

परंतु ज्या हक्काच्या आड चाळीस-पन्नास मैलांचा प्रवास येतो, तो हक्क गरिबाच्या काय कामाचा? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यातून फुटून निघाला. १९०१ साली स्थापन झालेले मोठे मनोरुग्णालय मात्र ठाण्यातच राहिले. रोजंदारीवर पोट भरणाऱ्याने रुग्णास घेऊन ठाणे गाठावयाचे म्हणजे दोघांची मजुरी बुडते. मग महिन्याची गोळी एकदा चुकते, दोनदा चुकते, आणि उतरलेला रोग पुन्हा उसळतो. तेव्हा गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ठरल्या वारी मानसोपचाराचा डॉक्टर यावा आणि औषध खंड न पडता मिळावे, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात व नगरसेवकाच्या दारात एकसारखी गेली पाहिजे.

कोणी म्हणतील, ‘आमच्या श्रद्धेत तुम्ही का हात घालता?’ आम्ही तसे म्हणत नाही. देवास नवस खुशाल करा; पण गोळी चुकवू नका. व्यापारी बंधूंसही एक सांगणे आहे. पाय मोडलेल्या नोकराची जागा आपण राखून ठेवता; मन खचलेल्याची मात्र दुसऱ्या दिवशी भरता. हा न्याय नव्हे. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारने दिवसरात्र विनामूल्य सल्ल्याची सोय केली आहे. तो क्रमांक दुकानाच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी लिहून ठेवण्यास खर्च तो कसला?

घराची अब्रू आजाराने जात नाही. आपलेच माणूस आतल्या खोलीत कुजत असता दार लावून बसण्याने ती जाते.